शिलेवरची शेवटची ओळ

फार पूर्वी, शैवलपुरात महीधर राजाचे राज्य चालू असताना, बोधिसत्त्वाने त्याच्या न्यायामात्याच्या रूपाने जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव गुणाकर. माणूस स्वच्छ, निर्लोभी आणि नाकासमोर चालणारा. लाच देऊ पाहणारे त्याच्या दारावरून जाताना वहाणा हातात घेत, उगाच आवाज व्हायला नको म्हणून. हे सगळे खरे. पण या कथेत तो आपल्याला भेटतो तेवढा वेळ त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

नगराच्या पूर्वेला मोठे तळे होते आणि तळ्याच्या अलीकडे कोळ्यांची वस्ती. पावसाळ्यात तळ्यातली मासळी डोंगरातून येणाऱ्या ओढ्यात उलटी चढे आणि तिथल्या उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात अंडी घाली. कोळी तिला चढणीची मासळी म्हणत. पोटात अंड्यांची गाबोळी गच्च भरलेली, अंगाने जड झालेली ती मासळी धरायला जाळेसुद्धा लागत नाही, टोपली आडवी लावली तरी पुरते. आणि गाबोळी कोणाला आवडत नाही? एक काळ असा होता की चढण लागली की सारे नगर टोपल्या घेऊन ओढ्यावर लोटे. मग व्हायचे तेच झाले. पुढच्या पावसाळ्यांत चढायला मासळीच उरली नाही, जाळ्यांत नुसते शेवाळ येऊ लागले, आणि अखेर कोळ्यांचे वडीलधारेच राजद्वारी येऊन उभे राहिले की महाराज, आता तुम्हीच काहीतरी बंदी घाला.

राजाने बंदी घातली आणि न्यायाचे काम गुणाकरावर सोपवले. मासा धरणाऱ्याला दंड ठरला, पण दंड वसूल करायची वेळ आली की गुणाकराचे मन मोडे. कोणाच्या मुलीचे लग्न असे, कोणाच्या घरी आजारी माणूस असे, कोणाकडे पाहुणे अवचित आलेले असत, कोणाला कुलदेवतेचा नैवेद्य चुकवता येत नसे. कारणे ऐकून ऐकून त्याचे कान किटले. प्रत्येक कारण खरे वाटे, प्रत्येकाला तो सोडून देई, आणि तळे रिकामेच राही. तेव्हा एका दुपारी, पुरता वैतागलेला असताना, त्याने नवा नियम लिहिला आणि ओढ्याच्या मुखाशी असलेल्या काळ्या शिलेवर कोरवून घेतला. ज्येष्ठी पौर्णिमेपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत कोणी तळ्याच्या काठावर पाऊल ठेवू नये. या काळात जो कोणी मासा तळ्याबाहेर नेईल किंवा तळ्याबाहेर ठेवील, त्याचा उजवा अंगठा त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी या शिलेवर तोडला जाईल. आणि सगळ्यांत खाली, शेवटची ओळ: कारण विचारले जाणार नाही.

उजवा अंगठा गेलेल्या कोळ्याला जाळे फेकता येत नाही की वल्हे धरता येत नाही. तो जिवंत राहतो, पण कोळी राहत नाही. त्यामुळे त्या शिलेची अशी काही दहशत बसली की वर्षांमागून वर्षे गेली तरी एकही अंगठा तोडावा लागला नाही. तळे पुन्हा भरले. परराज्यातून कोणी पाहुणा आला की गुणाकर त्याला मुद्दाम ती शिला दाखवायला नेई आणि म्हणे, "शिक्षा कडक असली की ती करावी लागत नाही." हे वाक्य म्हणताना त्याला फार बरे वाटत असे.

आषाढातल्या एका सकाळी ते बरे वाटणे संपले.

तळ्याचा रक्षक चंडक एका म्हाताऱ्या कोळ्याला दोरीने बांधून दरबारात घेऊन आला. चंडकाच्या खांद्यावर एक मोठे मडके होते आणि मडक्यात पाणी डचमळत होते. आत एक जिवंत रोहू होती, गाबोळीने फुगलेली. तिच्या डोक्यावर हळद लावलेली होती. कोळ्याचे नाव कंदू.

"कुठे सापडला?" राजाने विचारले.

"वस्तीकडून तळ्याकडे येणाऱ्या पायवाटेवर, महाराज," चंडक म्हणाला. "तोंड तळ्याकडेच होते. मासळी सोडायला निघालो म्हणाला. दिशा मी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा ती खोटी सांगणार नाही. पण मासळी तळ्याबाहेर होती, हेही डोळ्यांनीच पाहिले."

चंडक असाच होता. जेवढे दिसेल तेवढे सांगायचा, त्यात मीठमिरची नाही आणि साखरही नाही.

कंदूने मान वर केली. "सोडायाच निघालो व्हतो जी. पोरीला सातवा लागलाय. आमच्यात चाल हाय. गाबोळीची मासळी आणायची, डोईला हळद लावायची, पोरीच्या पोटाला तिचं पोट लावायचं, न्‌ लगोलग पाण्यात सोडायची. तिची सुटका व्हईल तशी पोरीची व्हावी म्हून. खायाची न्हाई ती. खायाचं तर मनात बी येत न्हाई."

राजाने गुणाकराकडे पाहिले. सारा दरबार गुणाकराकडे पाहू लागला. हे कारण त्याने पूर्वी कधी ऐकले नव्हते, आणि ते खरे होते हे त्याला ऐकताक्षणी कळले होते. पण तसे तर त्याला प्रत्येक वेळी वाटायचे.

"कारण विचारले जाणार नाही, असे शिलेवर आहे," तो म्हणाला. आपला आवाज त्याला स्वतःलाच कोरडा वाटला.

"ठाऊक हाय जी," कंदू म्हणाला. "बंदी मागाया आलेल्या कोळ्यांत मी बी व्हतो. अंगठ्याला माझी ना न्हाई. फकस्त ती मासळी तेवढी..."

"पुरे," गुणाकराने त्याला तोडले. आणखी एक शब्द ऐकला तर आपण पाघळू, या भीतीने त्याने तोडले. मग सवयीने जे करायचे ते त्याने केले. मुद्देमाल म्हणून मडक्याच्या तोंडाला फडके बांधायला लावले, गाठीवर स्वतःची मुद्रा उमटवली आणि मडके कोठीत पाठवून दिले. संध्याकाळी सगळ्यांनी शिलेपाशी जमायचे ठरले.

आता पंचाईत अशी की शैवलपुरात अंगठा तोडणारा माणूसच नव्हता. इतक्या वर्षांत गरज पडली नव्हती, मग कोण ठेवणार? शेवटी ज्या पाथरवटाने शिला कोरली होती त्यालाच छिन्नी घेऊन यायला सांगितले. तो बिचारा हातोडा मांडीवर ठेवून घराच्या पायरीवर बसून राहिला, आणि बायको काय विचारते आहे ते त्याला ऐकूच येईना.

गुणाकर घरी आला. ताट वाढलेले होते. त्याने पहिला घास घेतला आणि त्याची नजर आपल्या बोटांवर गेली. भाताचा घास उचलताना अंगठ्याचे किती काम असते हे त्याने आजवर पाहिले नव्हते. त्याने अंगठा दुमडून घास उचलून पाहिला. शिते ताटाबाहेर सांडली. बायको ती वेचू लागली. तो उठला. उत्तरीयाची गाठ सोडून त्याने ती चार बोटांनी पुन्हा बांधायचा प्रयत्न केला, जमले नाही, आणि गाठ तशीच सुटी ठेवून तो बाहेर पडला.

कुठे जायचे ते त्याने ठरवले नव्हते. बाजारातून गेला, देवळाला वळसा घातला, परत बाजारात आला. मनात सारखे तेच. कंदूला सोडले तर उद्या अख्खे नगर हळद लावलेल्या मासळ्या मडक्यात घालून तळ्याकडे तोंड करून उभे राहील. आणि न सोडावे, तर ज्याने काही चोरले नाही, काही खाल्ले नाही, उलट जो परत द्यायला निघाला होता, त्याचा हात कायमचा निकामी करायचा. नियम मी केला. तळे नियमाने वाचले. आता नियम मोडणारा मीच कसा होऊ? हे उत्तर त्याला पटे, आणि पाच पावले चालून झाली की पटेनासे होई. चालता चालता कोळ्यांची वस्ती आली तेव्हा तो थबकला. माघारी वळावेसे वाटले, पण पाय पुढेच गेले.

कंदूच्या झोपडीच्या उंबऱ्याशी त्याची मुलगी बसली होती. तिचे नाव साळू. नवरा दूरच्या धक्क्यावर होड्या बांधायला गेलेला, म्हणून ती सातव्या महिन्यात बापाकडे आलेली. केस मोकळे होते. तळहातांवरची हळद वाळून तडकली होती. गुणाकराला तिने ओळखले, उठायचा प्रयत्न केला, आणि त्याने हातानेच तिला बसवले.

ती रडेल, पाया पडेल, निदान शिव्याशाप देईल, असे त्याला वाटले होते. त्यातले काहीच झाले नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच चुळबुळ वाटू लागली. काहीतरी बोलायचे म्हणून तो बोलला, "नियम ठाऊक होता, तर मासळी घरापर्यंत आणलीच कशाला? काठावरच करायचे होते ना काय ते."

साळूने त्याच्याकडे पाहिले, जणू तो थट्टा करतो आहे की काय.

"काठावरच करायचं की आधी," ती म्हणाली. "माझ्या वक्ताला माझ्या आयची चाल काठावरच झाली. बाईमाणसानं गुडघाभर पाण्यात उभं ऱ्हायाचं, बापानं मासळी वंजळीत धरून आणायची, पोटाला लावायची न्‌ तिथंच सोडायची. मासळी तळ्याभाईर जातच न्हवती. आता या म्हयन्यांत काठावर पाय ठिवला तर हाकलत्यात. दगडावर तसं कोरलंय म्हणं. म्हून बानं पहाटच्या अंधारात घरी आणली."

काठावर पाऊल ठेवू नये, ही ओळ लिहिताना आपण हुशारी केली असे त्याला वाटले होते. काठावर कोणी आलेच नाही तर मासा धरणार कोण? कोळ्यांची चाल त्या ओळीने काठावरून उचलून घरात आणून ठेवली होती, मडक्यात घालून. ज्याला तो गुन्हा म्हणत होता त्याची पायवाट त्यानेच आखली होती. हे त्याला इतके लख्ख दिसले की तो उभ्या जागी घामाघूम झाला.

"तू काही खाल्लेस का?" त्याने विचारले.

"न्हाई जी. मासळी पाण्यात गेल्याबिगर खायाचं न्हाई, केस बांधायाचे न्हाईत." मग तिने तो प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात. "सोडली का जी तिला?"

"कोणाला?"

"मासळीला. बानं सांगितलं असंल की तुमास्नी."

सकाळी कंदूचे अर्धवट राहिलेले वाक्य गुणाकराला आठवले. फकस्त ती मासळी तेवढी. आपण म्हणालो होतो, पुरे. दिवसभर तो अंगठ्याचा विचार करत हिंडला होता, स्वतःच्या नियमाचा, स्वतःच्या नावाचा विचार करत हिंडला होता, आणि मडक्यात एक जीव आहे, त्या जिवाच्या पोटात आणखी जीव आहेत, हे त्याच्या एकदाही मनात आले नव्हते. ज्या मासळीसाठी एवढी शिला कोरली, तीच मासळी. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की साळूला उत्तर न देताच तो वळला आणि धावत सुटला.

नगरातल्या लोकांनी न्यायामात्याला धावताना कधी पाहिले नव्हते. सुटलेले उत्तरीय सावरत तो कोठीवर पोहोचला. कोठीवाला मडक्यापुढे आडवा उभा राहिला. "मुद्रा आपलीच आहे, अमात्य. ती मोडायची तर आज्ञाही आपलीच हवी."

गुणाकराने मुद्रा मोडली आणि फडके सोडले. रोहू एका कुशीवर कलली होती. पाणी कोमट झाले होते आणि ती तोंड पुन्हा पुन्हा वर काढत होती. पाण्यावर पिवळट दाण्यांचा पातळ थर तरंगत होता. काही अंडी तिने तिथेच, मडक्यात सोडली होती. गुणाकराला शिलेवरची अक्षरे आठवली, किंवा तळ्याबाहेर ठेवील. कंदूने तिला घटकाभर ठेवले होते आणि परत न्यायला निघाला होता. त्याने स्वतः तिला सकाळपासून ठेवले होते, फडके बांधून, वर मुद्रा मारून.

त्याने मडके उचलून डोक्यावर घेतले. सेवक पुढे झाला त्याला त्याने दूर सारले. भरल्या बाजारातून राजाचा अमात्य मडके घेऊन निघाला, पाणी डचमळून कपाळावरून, दाढीवरून ओघळत होते, आणि माणसे दुकाने टाकून त्याच्या मागे चालू लागली.

तळ्याच्या काठाशी चंडक उभा होता. त्याने भाला आडवा धरला.

"अमात्य, या महिन्यांत काठावर येता येत नाही."

"ठाऊक आहे."

"मडक्यात मासळी आहे का?"

"आहे."

चंडक क्षणभर घुटमळला. "मग मला आपल्याला धरावे लागेल," तो म्हणाला. असे म्हणताना त्याचा चेहरा पडला होता, पण भाला हलला नाही.

"धर. पण आधी हिला सोडू दे."

चंडकाने विचार केला. मासळी तळ्यात सोडू नये असे शिलेवर कुठेच नव्हते. त्याने भाला बाजूला घेतला. गुणाकर ओढ्याच्या मुखाशी गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने मडके हळूच कलते केले. रोहू बाहेर आली आणि उताणी झाली. पांढरे पोट वर. काठावर जमलेल्या माणसांतून कोणीतरी हळहळले. गुणाकराने तिला दोन्ही हातांत धरून सरळ केले, ओढ्याच्या धारेकडे तिचे तोंड केले आणि तसाच वाकून उभा राहिला. वाहते पाणी तिच्या कल्ल्यांतून जात राहिले. डोक्यावरची हळद धुऊन गेली. त्याची पाठ भरून आली, तरी तो हलला नाही. मग त्याच्या तळहातात शेपटी एकदा वळली. पुन्हा एकदा वळली. आणि ती त्याच्या हातातून निसटून बुडालेल्या गवतात गेली. गवताची पाती थोडा वेळ हलत राहिली.

चंडकाने त्याचे हात बांधले.

सूर्य कलायला लागला तेव्हा राजा शिलेपाशी आला. पाहतो तर शिलेपुढे दोन माणसे हात बांधून उभी. एक कंदू, दुसरा आपला न्यायामात्य, ओलाचिंब, अंगाला शेवाळ लागलेला. शेजारी पाथरवट छिन्नी धरून उभा होता.

"हे काय आहे?" राजा म्हणाला.

चंडकाने सकाळच्याच शब्दांत सांगितले. "कोठीकडून तळ्याकडे येणाऱ्या वाटेवर, महाराज. तोंड तळ्याकडेच होते. पण मासळी तळ्याबाहेर होती. सकाळपासून होती." इतके बोलून तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली, जशी एखादे गणित उशिरा सुटल्यावर पडते. "आणि महाराज, पायवाटेवरून दरबारापर्यंत मडके मी नेले. माझे तोंड तळ्याकडे नव्हते." त्याने भाला जमिनीवर ठेवला आणि तो कंदूच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

गर्दीत कोणीतरी फिस्स करून हसले आणि लगेच गप्प झाले. चंडक थट्टा करत नव्हता हे सगळ्यांना माहीत होते.

राजाला राग आला. "गुणाकर, हा काय पोरखेळ मांडला आहेस? तू हे का केलेस?"

"महाराज, ते विचारता येत नाही," गुणाकर खाली मान घालून म्हणाला. "शिलेवर तसे आहे."

"मी राजा आहे. मी विचारतो आहे."

"मग आधी कंदूला विचारा. सकाळी तो काही सांगत होता. मी त्याला बोलू दिले नाही."

राजा शिलेजवळ गेला. त्याने शिलेवरची अक्षरे वाचली, वरून खाली. मग त्याची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. मडके कोठीत नेले जात असताना तो सिंहासनावर बसून पाहत होता, हे त्याला आठवले असावे. तो पाथरवटाला म्हणाला, "छिन्नी आणली आहेस ना? ती शेवटची ओळ काढून टाक."

पाथरवटाने एवढ्या आनंदाने उभ्या जन्मात घाव घातला नसेल. कपच्या उडून माणसांच्या पायांपर्यंत आल्या. ओळीच्या जागी खडबडीत पांढरी पट्टी तेवढी उरली, आणि तिथेच, उभ्या उभ्या, सुनावणी सुरू झाली.

कंदूने आपली चाल सांगितली, या वेळी शेवटपर्यंत. कोणी त्याला तोडले नाही. राजाने त्याचे हात सोडवले. चंडकाला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "नेमून दिलेले काम केले, एवढेच." तेही पुरले. मग राजा गुणाकराकडे वळला आणि त्याचा आवाज मऊ झाला. "तू मासळी मुद्देमाल म्हणून ठेवलीस. न्यायाच्या कामासाठी ठेवलीस. हेच ना तुझे कारण?"

कारण तयार होते, राजाने आपल्या हाताने पुढे केले होते. नुसते होय म्हणायचे होते. गुणाकराच्या ओठांवर ते आलेही, कारण अंगठा कोणाला नको असतो? त्याने आपल्या बांधलेल्या हातांकडे पाहिले.

"नाही, महाराज," तो म्हणाला. "मुद्देमालाची गरजच नव्हती. कोणी काही नाकारत नव्हते. मडक्यात जिवंत मासळी आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. आणि ती ओळ मी लिहिली ती तळ्यासाठी नव्हे. ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो, म्हणून लिहिली. मला कारण नाही."

अंगठ्याची ओळ अजून शिलेवरच होती आणि सूर्य डोंगराला टेकला होता. कंदू पुढे सरकला आणि काही न बोलता गुणाकराच्या शेजारी उभा राहिला, आपले सुटलेले हात पुन्हा पुढे करून. चंडकही जागचा हलला नाही. तिघे तसेच रांगेत उभे होते.

"बंदी तळ्यासाठी होती," राजा शेवटी म्हणाला. "तोडलेल्या अंगठ्याचे तळे काय करणार?" त्याने ओढ्याच्या मुखाकडे पाहिले. डोंगरातून आलेल्या गाळाने तिथली वाट अरुंद झाली होती. "गुणाकर दोषी आहे. श्रावणी पौर्णिमेपर्यंत त्याने रोज इथला गाळ काढावा आणि डोक्यावरून वाहून न्यावा. यापुढे जो दोषी ठरेल, त्यालाही हेच. पण आधी त्याचे ऐकून घ्यायचे. पाथरवटा, अंधार पडायच्या आत ती वरची ओळही काढ."

कंदू घरी पोहोचला तेव्हा साळू उंबऱ्यातच होती. तिने आधी मासळीचे विचारले, मग अंगठ्याचे. त्याने सांगितले, सोडली, अमात्यानं सोताच्या हातानं सोडली, आणि मग दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने ते हात आपल्या डोळ्यांना लावले आणि खूप रडली. मग उठून केस बांधले आणि भाकरी खाल्ली.

गुणाकराने त्या वर्षी पौर्णिमेपर्यंत गाळ वाहिला. टोपली डोक्यावर चढवताना दोन्ही अंगठे कडेला घट्ट लागत, आणि दर खेपेला त्याला ते जाणवत असे. फिर्यादी तिथेच येऊ लागले आणि तो चिखलात उभा राहून ऐकू लागला. ओढ्याच्या मुखाशी काठाचा एक तुकडा कोळ्यांच्या लेकीबाळींसाठी मोकळा ठेवला गेला, आणि तिथे मासळी पुन्हा पाण्यातल्या पाण्यात पोटाला लागू लागली. खोटी कारणे आली नाहीत असे नाही. पुष्कळ आली. त्याने तीही ऐकली, ज्यांची खोटी ठरली त्यांच्या डोक्यावर टोपली दिली, आणि तळे भरलेलेच राहिले. मात्र आपल्या नियमाचा अभिमान त्याला पुन्हा कधी वाटला नाही. कोणाला दोषी ठरवले की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. त्याचे काही ऐकायचे राहिले तर नाही ना, हा विचार त्याला उठवून बसवी. ती तळमळ त्याने शेवटपर्यंत सोबत बाळगली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती विहारातल्या एका प्रसंगावरून. तृणक नावाचा वृद्ध भिक्षू वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्याच्या, काळात विहाराच्या सीमेबाहेर गेला म्हणून सुदंत नावाच्या काटेकोर भिक्षूने त्याला दाराबाहेर ठेवले होते, आणि कुठे गेला होतास हे विचारलेही नव्हते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा महीधर राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. कंदू कोळी म्हणजे तृणक. भाला खाली ठेवून त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलेला चंडक म्हणजे आजचा सुदंत. आणि न्यायामात्य गुणाकर म्हणजे मीच." ऐकणाऱ्यांना वाटले, आता शास्ते करुणेचे नाव घेतील. त्यांनी ते घेतले नाही. ते म्हणाले, "कंदूचे कारण ऐकावेसे वाटले ती करुणा होती. मला कारण नाही असे म्हणणे मला जास्त अवघड गेले. त्या जन्मी मी जोपासली ती सत्यपारमी, सत्याची परिपूर्णता."

सुदंत उठला आणि दाराकडे गेला. तृणक बाहेर पायरीवर बसला होता. सुदंत त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "भंते, कुठे गेला होतात ते सांगा. मी ऐकतो."